परदेशातल्या बालगृहात सेवेला जायचंय? मग सुरुवात ठाण्यातून करा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या स्टाफरूमच्या दाराशी दोन-तीन मुलं घुटमळायला लागतात. "मॅडम, मे महिन्यात नेपाळला जायचंय, अनाथाश्रमात शिकवायला. शिफारसपत्र द्याल का?" कधी नेपाळ असतं, कधी केनिया, कधी कंबोडिया. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात शिकवते आणि बरीच वर्षं एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, काम बघते. पत्र मी लगेच देत नाही. त्यांना बसवते, चहा मागवते आणि सगळं सविस्तर सांगते. तेच इथे लिहून काढलंय, कारण हे प्रश्न वाशीच्या, नेरूळच्या, कल्याणच्या मुलांनाही पडतात आणि त्यांना उत्तरं देतात ती पॅकेज विकणारी माणसं.

आधी मी काय केलं ते ऐका

शेवटच्या वर्षाला असताना मी काठमांडूजवळच्या एका बालगृहात तीन आठवडे राहिले होते. एका एजन्सीने पाठवलं होतं. माझं पोलिस प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही, मला काय येतं हेही कुणी विचारलं नाही. पैसे भरले आणि गेले.

पहिल्या दिवशी दहा मिनिटांत सहा वर्षांची एक मुलगी माझ्यापाशी आली. तिने ओढणीचं टोक बोटाभोवती दोन वेढे देऊन धरलं, ते रात्री झोपेपर्यंत सोडलं नाही. मला वाटलं, हिला माझा लळा लागला. दुसऱ्या आठवड्यात फाटकाबाहेर एक माणूस मक्याच्या वाळलेल्या कणसांचं गाठोडं घेऊन बसलेला दिसला. आत कुणी घेतलं नाही. दुपारी तो गाठोडं ठेवून निघून गेला. स्वयंपाकाच्या बाईंनी हळूच सांगितलं, तो त्या मुलीचा बाप. दोन दिवसांचा प्रवास करून आला होता.

निघायच्या दिवशी मी रडत होते. मुलगी रडत नव्हती. आमची जीप सुटायच्या आधीच पुढच्या तुकडीची गाडी आली, आणि मी खिडकीतून पाहिलं, तिने नव्या ताईच्या बॅगेचा पट्टा बोटाभोवती दोन वेढे देऊन धरला होता.

त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिली की मूल दिसेल त्या अनोळखी माणसाला बिलगायला लागतं. संगोपनाचा अभ्यास करणारे याला धोक्याची खूण मानतात. रुमानियात २००० साली सुरू झालेल्या बुखारेस्टच्या अभ्यासात संस्थेत वाढणाऱ्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना पालक-कुटुंबांत, म्हणजे परक्याचं मूल घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवलं. ती मुलं बुद्धीच्या, भाषेच्या आणि नात्यांच्या बाबतीत संस्थेतल्या मुलांपेक्षा सावरली, आणि जी लवकर घरात गेली ती जास्त सावरली. मुलाला रोज तेच माणूस लागतं. दर तीन आठवड्यांनी बदलणारी ताई कितीही प्रेमळ असली तरी ती ते माणूस होऊ शकत नाही.

जायचं की नाही, हे ठरवताना

'अनाथाश्रम' हा शब्द मनातून काढून टाका. नेपाळमधल्या बालगृहांतल्या किमान ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात आहेत, असं युनिसेफ सांगतं. मग ही मुलं तिथे का? गरिबी, गावात शाळा नसणं, आणि 'शहरात शिकवतो' म्हणून सांगणारे दलाल. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून आईबापांकडून पैसे घेऊन मुलं काठमांडूत आणली गेली. नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागांत आहेत. सर्वांत गरीब जिल्ह्यांत ती नाहीत, हे नकाशा उघडून बघा. २०१५च्या भूकंपानंतर पालकांशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर नेण्यावर तिथल्या सरकारला बंदी घालावी लागली. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत निवासी बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. पर्यटकही त्याच काळात वाढत होते.

म्हणजे पैसे भरून 'मुलांसोबत राहायला' येणारे आपण या व्यवहाराचं गिऱ्हाईक होतो. पाहुण्यांना दाखवायला मुलं लागतात, म्हणून मुलं आणली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९च्या ठरावात बालगृहांतल्या स्वयंसेवेचा आणि मुलांच्या तस्करीचा हा संबंध स्पष्टपणे मांडला. केनियाने २०२२ साली दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं आणि मुलांना संस्थांतून काढून कुटुंबांत न्यायचं ठरवलं.

हे ऐकून काही मुलं उठून जातात. जी थांबतात त्यांना मी सांगते की जाता येतं, आणि चांगलं कामही करता येतं. फक्त कुठल्या संस्थेत आणि कुठलं काम, हे नीट निवडावं लागतं.

पहिली पायरी: सहा महिने इथले रविवार

मे महिन्यात जायचं असेल तर नोव्हेंबरपासून आपल्या जिल्ह्यातल्या एका नोंदणीकृत बालगृहात जायला लागा. माझी ही अट आहे, आणि ती मी कुणासाठीही सोडत नाही.

जायचं कसं? थेट दारावर जाऊन उभं राहू नका. कॉलेजच्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना पत्र द्या. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची मुलं ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेलकरांचा जिल्हा रायगड, म्हणजे कार्यालय अलिबागला. यात दरवर्षी कुणी ना कुणी चुकतं आणि महिना वाया जातो. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक बालगृहाची नोंदणी असावीच लागते. कुठलं मूल तिथे ठेवायचं, हे बाल कल्याण समिती ठरवते. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असं नाव किंवा फोटो छापणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्स्टाग्रामची स्टोरीही यात आली.

तिथे गेल्यावर अधीक्षक देतील ते काम करा. भांडारातल्या कपड्यांची मापाप्रमाणे वर्गवारी, दहावीच्या मुलांचं गणित, वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे. कळव्याची माझी एक विद्यार्थिनी चार महिने फक्त मुलांच्या तपासण्यांच्या नोंदी संगणकावर चढवत होती. तिला वाटायचं, आपण मुलांना भेटतच नाही. पण त्या नोंदींमुळेच तीन मुलांचे चष्म्याचे नंबर दोन वर्षं तपासलेले नाहीत, हे लक्षात आलं.

या सहा महिन्यांत एक गोष्ट नक्की कळेल: दर रविवारी सकाळी आठची ट्रान्स-हार्बर पकडून तुम्ही खरंच जाता का. इथे तीन रविवारांनंतर कंटाळा आला, तर परदेशात पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरल्यावर काय होईल, याचा अंदाज तुमचा तुम्हीच घ्या.

दुसरी पायरी: संस्था पारखणं

यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. निदान दोन महिने.

वेबसाइटवर मुलांचे चेहरे, नावं आणि करुण कहाण्या दिसल्या की ती संस्था बाद. 'कधीही या, कितीही दिवस राहा' असं लिहिलं असेल तर बाद. पाहुणे आल्यावर मुलांना नाचायला लावतात, मुलांना बाहेर फिरायला नेऊ देतात, रात्री मुलांच्या खोलीत झोपू देतात, अशा जागी पाऊल ठेवू नका. आणि तुमचं चारित्र्य प्रमाणपत्र न मागणाऱ्या संस्थेकडे तर मुळीच जाऊ नका. तुमची चौकशी न करणारे दुसऱ्या कुणाचीही करत नसतील.

नंतर संस्थेला पत्र लिहा. एजन्सीला नको, थेट संस्थेला. आमची मुलं हे प्रश्न विचारतात:

- तुमची नोंदणी कुठल्या सरकारी खात्याकडे आहे, आणि शेवटची तपासणी कधी झाली?
- किती मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक हयात आहेत? ती त्यांना किती वेळा भेटतात?
- गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली?
- पगारी काळजीवाहक किती, आणि ते किती वर्षांपासून आहेत?
- बालसुरक्षा धोरणाची प्रत पाठवाल का?
- मी भरलेल्या पैशांतले किती मुलांवर, किती माझ्या राहण्यावर आणि किती एजन्सीला?
- माझं काम मी गेल्यावर कोण करणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. चांगली संस्था 'अमुक मुलं घरी गेली, अमुक मुलांचं घर शोधतोय' असं अभिमानाने सांगते. वाईट संस्थेला तो प्रश्नच खटकतो. उत्तरं मोघम आली, उशिरा आली, किंवा 'तुम्ही या, प्रेम द्या, बाकी आम्ही बघतो' असं आलं, तर विषय संपला.

बालगृहाऐवजी कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या संस्था सापडल्या तर त्यांना पहिली पसंती द्या. घरी परतलेल्या मुलांच्या गावात शाळा चालवणं, शाळेनंतरची अभ्यासिका, आयांचे बचत गट, अपंग मुलांच्या पालकांना प्रशिक्षण. यात फोटो काढण्यासारखं फारसं नसतं, पण मूल आईपाशी राहतं.

तिसरी पायरी: कोणतं काम घ्यायचं

साधा नियम आहे. जे काम ठाण्यात तुम्हाला कुणी करू देणार नाही, ते तिथेही करू नका. बी.कॉम.च्या मुलाला ठाण्यातलं हॉस्पिटल इंजेक्शन द्यायला सांगत नाही, किंवा मानसिक आघात झालेल्या मुलाचं समुपदेशन करायला बसवत नाही. मग नेपाळमधल्या मुलाने ते का सोसावं?

मुलांना अंघोळ घालणं, झोपवणं, खाऊ घालणं ही कामं कायम राहणाऱ्या काळजीवाहकांची. तुम्ही त्यांच्या मागे उभे राहा. वाणिज्य शाखेचे असाल तर हिशेबाच्या वह्या लावून द्या. संगणकाचे असाल तर कर्मचाऱ्यांना स्प्रेडशीट शिकवा, जुने संगणक दुरुस्त करा. बी.एड. करत असाल तर तिथल्या शिक्षकांसोबत बसून पाठ तयार करा. वर्ग त्यांनीच घ्यावा. फिजिओथेरपी किंवा समाजकार्याचे विद्यार्थी असाल तर तिथल्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच काम. आणि काहीच येत नसेल तर स्वयंपाकघरात भाजी चिरायला बसा, अगदी मनापासून सांगते. काळजीवाहक बाईंची अर्धा तास पाठ टेकली तर तो अर्धा तास मुलांनाच मिळतो.

चौथी पायरी: कागदपत्रं, लस, पैसे

पासपोर्ट नसेल तर डिसेंबरमध्येच अर्ज करा. ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये, तत्काळचं ३५००. पोलिस पडताळणीला हवालदार घरी येतात तेव्हा हॉस्टेलवर असलात तर अर्ज अडकतो, म्हणून पत्ता विचार करून द्या.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर १५ ते ६५ वयाच्या माणसाला जाता येत नाही. यावरून विमानतळावरून परत आलेली मुलं मला माहीत आहेत. रेल्वेने कल्याणहून गोरखपूर आणि तिथून सोनौलीची सीमा, हा मार्ग स्वस्त पडतो, वेळ मात्र भरपूर लागतो.

इतर देशांत 'पर्यटक व्हिसावर जा, कुणी विचारत नाही' असं एजन्सी सांगते. ऐकू नका. बिनपगारी काम हेही कित्येक देशांत कामच धरतात आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागते. त्या देशाच्या दूतावासाला स्वतः लिहून विचारा आणि उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा.

चारित्र्य प्रमाणपत्राचा एक गोंधळ इथेच मिटवते. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला पासपोर्ट कार्यालय पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) देत नाही. तुम्हाला हवं ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र पोलिस आयुक्तालयाकडून मिळतं, अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करायचा. ठाणे आणि नवी मुंबई ही वेगळी आयुक्तालयं. तुमचं पोलिस ठाणं ज्यात येतं, तिथे अर्ज.

लसींसाठी फॅमिली डॉक्टरांकडे दोन महिने आधी जा. टायफॉइड, कावीळ अ, धनुर्वात हे बघा. गोवर आणि कांजिण्यांचंही विचारा, कारण तुम्ही मुलांकडे आजार घेऊन जाऊ नये, हाही मुद्दा आहे. बरेच दिवस खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. केनिया, युगांडाकडे जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, ठराविक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. तिकडून परत येताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

प्रवास विमा घ्या, त्यात दुचाकी अपघात आणि रुग्णालयाचा खर्च येतो का ते वाचा. घरच्यांशी मोकळेपणाने बोला. आईला संस्थेचा पत्ता, दोन फोन नंबर आणि परतीचं तिकीट लिहून द्या. तिथल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल फोनमध्ये साठवून ठेवा.

पैशांचं म्हणाल, तर एकूण खर्च कागदावर मांडा आणि समोर एक आकडा लिहा: या पैशांत तिथल्या काळजीवाहकाचा किती महिन्यांचा पगार निघेल? हे संस्थेलाच विचारा. एका वर्षी आमच्या चार मुलांच्या गटाने हा हिशेब केला आणि दोघंच गेली. उरलेल्या दोघांच्या तिकिटाचे पैसे पगारासाठी गेले. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

पाचवी पायरी: तिथे पोचल्यावर

पहिले दोन दिवस फक्त बघा. कोण कधी उठतं, कोणाच्या हाकेला मुलं धावतात, कोण रडल्यावर कोणाकडे जातं. त्या माणसाच्या आणि मुलाच्या मध्ये येऊ नका. लहान मूल धावत येऊन बिलगलं तर झिडकारू नका, पण त्याला हाताला धरून त्याच्या नेहमीच्या ताईकडे घेऊन जा. मला हे तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं.

मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. एका मुलाला खाऊ किंवा भेटवस्तू द्यायची नाही. काही द्यायचंच असेल तर अधीक्षकांकडे. फोन नंबर, फेसबुक द्यायचं नाही. 'तुझे आईबाबा कुठे असतात?' हे विचारायचं नाही. मुलाने आपणहून सांगितलं तर ऐकायचं, आणि ती गोष्ट दुसरीकडे सांगायची नाही. चेहऱ्याचे फोटो नाहीत, पाठमोरेही नकोत.

भाषा थोडी शिकून जा. नेपाळीची लिपी आपलीच आहे, त्यामुळे पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात आणि मुलांना त्याचं फार अप्रूप वाटतं. मागच्या एका मुलाने तिथल्या आठवीच्या वर्गाला मराठी आणि नेपाळीतले सारखे शब्द शोधायला लावले, फळा भरला.

काही चुकीचं दिसलं तर? मारहाण, मुलांना भीक मागायला लावणं, रात्री-अपरात्री येणारे पाहुणे, पालकांना भेटू न देणं. तिथल्या तिथे भांडू नका, त्याचा राग मुलांवर निघतो. तारीख, वेळ, काय पाहिलं ते वहीत लिहा आणि त्या देशाच्या बाल हेल्पलाइनला कळवा: नेपाळ १०९८ (आपल्याकडचाच आकडा), केनिया ११६, श्रीलंका १९२९, कंबोडिया १२८०. त्या फाटकाबाहेरच्या बापाबद्दल मी कुणाला काही कळवलं नाही. कुणाला कळवायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं. म्हणून हे आकडे मी मुलांना पासपोर्टच्या कव्हरमध्ये लिहून ठेवायला लावते.

निरोप

जायची तारीख पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. शेवटच्या आठवड्यात रोज सांगा: अजून पाच दिवस, अजून चार. मुलांना न सांगता पहाटे निघून जाऊ नका. 'पुन्हा येईन' म्हणू नका, तिकीट काढलेलं असेल तरच म्हणा. रडारडीचा निरोप समारंभ ठेवू नका. रोजच्यासारखा अभ्यास, रोजच्यासारखं जेवण, आणि फाटकापर्यंत चालत जाणं.

केलेल्या कामाची वही तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातात द्या. संगणकाचा पासवर्ड, हिशेबाची पद्धत, कुठला पाठ कुठवर झाला, सगळं त्यात असू दे. घरी आल्यावर महिनाभरात संस्थेला एक पत्र लिहा. त्यात काय चांगलं दिसलं आणि काय खटकलं, दोन्ही. तेच पत्र कॉलेजात द्या, पुढच्या वर्षीची मुलं ते आधी वाचतात.

आणि मे महिन्यात निघण्यापूर्वी इथल्या बालगृहातल्या कॅलेंडरवर परतीनंतरच्या पहिल्या रविवारला गोल करून जा. तिथली मुलं तो गोल रोज बघतात. त्या रविवारी सकाळी आठच्या गाडीला असा.